देव कुणाचा जावई, हे कोण लिहून ठेवणार?

आमच्या सोलापूर जिल्ह्यातून वाहणारी भीमा पुढे जाऊन कृष्णेला मिळते, इतकं शाळेच्या भूगोलात शिकवतात. त्यापुढचं मला फार उशिरा कळलं. आंध्र प्रदेशातल्या नंद्याळ जिल्ह्यात संगमेश्वरम नावाचं ठिकाण आहे. तिथली माणसं त्याला सात नद्यांचा संगम मानतात आणि नावं एका दमात म्हणून दाखवतात: तुंगा, भद्रा, कृष्णा, वेणी, भीमा, मलापहारिणी, भवनाशी. वेणी म्हणजे आपली वेण्णा. म्हणजे महाबळेश्वरच्या दोन आणि भीमाशंकरची एक, अशा सह्याद्रीच्या तीन लेकी त्या तेलुगू देवाच्या पायाशी पोचतात.

वर्षातले बरेच महिने हा देव पाण्याखाली असतो. श्रीशैलमच्या धरणाचा फुगवटा देवळावरून जातो. उन्हाळ्यात पातळी उतरली की आधी शिखर दिसतं, मग भिंती, मग गाभारा. चिखल काढून पूजा सुरू होते. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढू लागलं की पुजारी शेवटची आरती करून बाहेर येतो. गाभाऱ्यातलं लिंग लाकडाचं आहे, कडुनिंबाचं. त्याची गोष्ट अशी: पांडवांतल्या धर्मराजाने इथे शिवलिंग स्थापायचं ठरवलं आणि ते आणायला धाकट्या भावाला, भीमाला, काशीला पाठवलं. मुहूर्त आला तरी भीम येईना. शेवटी कडुनिंबाचं खोड तासून लिंग केलं आणि स्थापना उरकली. भीम आला तो संतापलेलाच. आणलेलं लिंग त्याने भिरकावून दिलं. मग थोरल्या भावाने समजूत काढली आणि त्याच्याही लिंगाला तिथे मान दिला. इतकी वर्षं पाण्यात राहूनही लाकूड कुजलं नाही, हे भाविक आवर्जून सांगतात.

ही गोष्ट इतिहास नाही, हे सांगायला अभ्यासक लागत नाही. तरी माझं म्हणणं असं की ती त्या देवळाच्या दगडाइतकीच जपण्याजोगी सार्वजनिक ठेव आहे, आणि आज तिला वाली नाही. दगडासाठी आपल्याकडे कायदा आहे, खातं आहे, अंदाजपत्रक आहे. गोष्टीसाठी काहीही नाही. वाईट हे की ज्यांना आता गोष्टींची आठवण झाली आहे, ते तिला पुरावा म्हणून वापरायला निघाले आहेत. त्याकडे नंतर येतो.

श्रीशैलमच्या जलाशयात शंभरावर गावं गेली. १९८१ च्या उन्हाळ्यात ती रिकामी करण्यात आली. ज्या देवळांना पुरातत्त्वीय मोल होतं, ती वाचवायचं ठरलं. कृष्णा-तुंगभद्रेच्या संगमावरचं कूडवेल्लीचं चालुक्यकालीन देऊळ दगडांना क्रमांक घालून उतरवलं आणि आलमपूरला पुन्हा उभारलं. मी त्या कामाचा आदर करतो. हजारावर वर्षांपूर्वीचं बांधकाम चिरा चिरा उतरवून पुन्हा तसंच रचणं ही साधी गोष्ट नव्हे. पण त्या देवाचं नाव संगमेश्वर आहे, संगमाचा स्वामी. आज तो जिथे उभा आहे तिथे संगम नाही. त्या नावामागची घाटावरची गोष्ट, पर्वणीच्या स्नानाची वाट, कुठल्या गावाने पालखीला खांदा द्यायचा याचा ठराव, यांतल्या एकाही गोष्टीला क्रमांक घातला गेला नव्हता. गावं उठून वेगवेगळ्या दिशांना गेली आणि ते सगळं माणसांच्या डोक्यात, पांगलेलं राहिलं.

धरण नको होतं असं मी म्हणत नाही. त्या वादाला स्वतंत्र लेख लागेल. माझा प्रश्न लहान आहे. ज्यांनी एवढी काळजी घेऊन चिरे मोजले, त्यांच्याबरोबर एक माणूस वही घेऊन गावात का बसला नाही?

याचं उत्तर आपल्या मनातल्या एका उतरंडीत आहे. शिलालेख सर्वांत वर, मग ताम्रपट, मग बखरी आणि दरबारी कागद, आणि तळाशी गावातल्या म्हाताऱ्याने सांगितलेली गोष्ट. सनावळीसाठी ही उतरंड योग्यच आहे. पण देऊळ कुणाचं होतं, कुणी त्यासाठी घाम गाळला, कुणाला त्याचा मार बसला, हे विचारायला गेलो की शिलालेख गप्प बसतो. तो लिहवणारा राजा किंवा सरदार असतो, आणि आपल्याला हवं तेवढंच तो लिहवतो.

तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यातलं पालमपेटचं देऊळ घ्या. २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. शिलालेख सांगतो की काकतीय राजा गणपतिदेवाचा सेनापती रेचर्ल रुद्र याने ते १२१३ मध्ये उभारलं. देवाचं नाव रुद्रेश्वर. पण गेली कित्येक पिढ्या लोक त्याला म्हणतात रामप्पा देऊळ. रामप्पा कोण? परंपरा सांगते, तो ते घडवणारा शिल्पी. लेखात त्याचं नाव नाही. असा माणूस खरोखर होऊन गेला की नाही, हे आज कुणाला सिद्ध करता येणार नाही. पण लोकांनी काय केलं ते पाहा. देव बाजूला ठेवला, सेनापती बाजूला ठेवला, आणि ज्याच्या हातात छिन्नी होती त्याच्या नावाने देऊळ ओळखलं. काळ्या कठीण दगडातल्या त्या मदनिका आणि पाण्यावर तरंगणाऱ्या विटांचं ते शिखर पाहून उभ्या राहणाऱ्या कुणालाही जो प्रश्न पडेल, 'हे केलं कुणी?', त्याला लोकांनी आपलं उत्तर देऊन ठेवलं. जागतिक यादीतल्या अधिकृत नावातही आज कंसात का होईना, रामप्पा आहे.

त्याच मुलुगू जिल्ह्यात, जंगलात आत, मेडारम आहे. दर दोन वर्षांनी माघी पौर्णिमेच्या सुमाराला तिथे सम्मक्का-सारलम्माची जत्रा भरते. लाखो माणसं येतात. मूर्ती नाही, गोपुर नाही. बांबू आणि कुंकवाच्या रूपात देवी जंगलातून गादीवर, म्हणजे तिच्या ओट्यावर, आणतात, आणि माणसं आपल्या वजनाइतका गूळ वाहतात. त्या गुळाला म्हणतात 'बंगारम', सोनं. कोया आदिवासींची कथा अशी: दुष्काळ पडला होता, प्रतापरुद्राच्या काकतीय राज्याने खंडणी मागितली, कोयांनी ती देता येत नाही म्हणून सांगितलं. सैन्य आलं. सम्मक्का, तिची मुलगी सारलम्मा, मुलगा जंपन्ना लढले आणि गेले. जंपन्ना ज्या ओढ्यात पडला तो आजही जंपन्ना वागू, आणि आधी त्यात स्नान करून मगच गादीकडे जायचं.

एका जिल्ह्यात काकतीयांच्या वैभवाचं सर्वांत सुंदर देऊळ आणि त्याच काकतीयांशी लढून मेलेल्या मायलेकींची जत्रा. पहिल्याला दगडाचा पुरावा आहे. दुसरीला कोयांच्या तोंडच्या परंपरेखेरीज आधार नाही. मी फक्त दगड वाचायला बसलो, तर काकतीय राज्याबद्दल मला अर्धंच कळेल, आणि तेही राज्य करणाऱ्यांच्या बाजूचं अर्धं.

आंध्रातल्या लेपाक्षीच्या देवळाची गोष्टही याच जातीची आहे. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या काळात त्याच्या विरूपण्णा नावाच्या अधिकाऱ्याने ते देऊळ वाढवलं. लेख दानांची यादी देतात. लोक मात्र मंडपाच्या भिंतीवरचे दोन तांबूस डाग दाखवतात. राजाच्या परवानगीशिवाय खजिना खर्च केला म्हणून डोळे काढण्याची शिक्षा येणार हे कळताच विरूपण्णाने स्वतःच डोळे काढून भिंतीवर फेकले, अशी ती कथा. कल्याणमंडप अर्धा का राहिला, याचंही कारण तेच सांगतात. डाग कशाचे, हा प्रश्न तपासायचा तर रसायनशास्त्राने तपासावा. राजाच्या दरबारात काम करणाऱ्या माणसाची भीती त्या गोष्टीने मात्र नेमकी धरून ठेवली आहे.

मला सर्वांत जवळची वाटते ती आंध्र-तेलंगणातल्या नल्लमला डोंगररांगेतल्या चेंचूंची गोष्ट. चेंचू हे त्या जंगलात मध, कंद आणि शिकारीवर जगत आलेले लोक. अहोबिलमचा नरसिंह हिरण्यकशिपूला मारून जंगलात भटकत होता, तेव्हा एका चेंचू मुलीवर त्याचं मन बसलं आणि त्याने तिच्याशी लग्न केलं, असं ते सांगतात. तिचं नाव चेंचूलक्ष्मी. म्हणजे देव चेंचूंचा जावई. श्रीशैलमचा मल्लिकार्जुनही त्यांचा 'चेंचू मल्लय्या', त्यांच्याच मुलीच्या प्रेमात पडलेला. वैष्णव असो की शैव, दोन्ही मोठ्या क्षेत्रांच्या देवाला त्यांनी आपल्या घरचा जावई करून टाकलंय.

आणि ही सोयरीक नुसती तोंडी नाही. संक्रांतीला अहोबिलमची 'पारुवेट' निघते. पालखीतला देव सुमारे दीड महिना परिसरातल्या तीसेक गावांत फिरतो, आपल्याच लग्नाचं आमंत्रण द्यायला. निघताना चेंचू पालखीवर बाण सोडतात. बहीण नेली म्हणून मेहुण्यांचा तो लाडका राग. जिथे जिथे पालखी टेकते, तिथे कुणाचा मान, कुणाचा नैवेद्य, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. त्या गोष्टीच्या जोरावरच जंगलातला माणूस देवळाच्या दारात हक्काने उभा राहतो. उद्या कुणी ही 'अंधश्रद्धाळू भाकडकथा' म्हणून खोडली, किंवा दुसऱ्या टोकाला, एखाद्या शुद्धीकरणाच्या उत्साहात संस्कृत माहात्म्यात नाही म्हणून वगळली, तर चेंचूंचा जातो तो हक्क. नल्लमलाचा मोठा भाग आज व्याघ्र प्रकल्पात आहे आणि जंगलावरचा त्यांचा ताबा आधीच आक्रसत गेला आहे. देवळाशी असलेलं नातंही कागदावर नसल्यामुळे गेलं, तर त्यांच्याकडे काय उरेल?

सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमचा सिद्धराम, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वर, लहानपणी शेतात मल्लय्या नावाच्या जंगमाला भेटला, त्याच्यासाठी दहीभात घेऊन धावत आला तर जंगम गायब. 'मल्लय्या, मल्लय्या' करत पोर श्रीशैलमपर्यंत गेलं आणि देव दिसेना म्हणून कड्यावरून उडी टाकायला निघालं. तिथे मल्लिकार्जुनाने त्याला धरलं आणि परत धाडलं. मग सिद्धरामाने गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. ऐन संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेत त्याच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, कारण त्या मुलीने त्याच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला होता अशी आख्यायिका आहे. कुठला नंदीध्वज कुणाचा, अक्षता कुठे पडायच्या, हळदीचा मान कुणाकडे, सगळं त्या कथांवर चालतं. उद्या कुणी सांगितलं की कथेला पुरावा नाही तेव्हा मान रद्द, तर सगळं शहर रस्त्यावर येईल. आणि बरोबरच येईल.

आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली शेजाऱ्यांमुळे मला आणखी एक धागा कळला. तेलंगणातल्या कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाला दोन बायका: मेडलम्मा लिंगायत घरची आणि केतम्मा गवळी-धनगरांची. जेजुरीला जाऊन आलेल्या कुणालाही इथे म्हाळसा आणि बाणाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तिकडे कुरुमा समाजाचे ओग्गू कथाकार डमरूच्या तालावर मल्लन्नाची कथा लावतात, रंगीत भुकटीने जमिनीवर 'पट्नं' काढतात. इकडे वाघ्या-मुरळी जागरण घालतात. दख्खनच्या व्यापारी आणि मेंढपाळ जातींनी एका देवाच्या दोन लग्नांतून आपसातला व्यवहार कसा बसवला, याचा इतका स्पष्ट दस्तऐवज कुठल्या दप्तरात सापडणार?

मराठी माणूस श्रीशैलमला जातो तेव्हा मात्र तो एकच गोष्ट बरोबर नेतो आणि तीच घेऊन परततो. दक्षिण दिग्विजयाच्या वाटेवर १६७७ मध्ये शिवाजी महाराज तिथे आले आणि देवीपुढे शिर वाहायला निघाले, ही. ती आपल्याला प्रिय आहे आणि असणारच. पण त्याच आवारात चेंचूंचा मल्लय्या आहे, आणि मोगरीच्या माळा वाहणाऱ्या राजकन्या चंद्रावतीची कथा आहे. बाहेरच्या प्राकाराच्या भिंतीवर शेकडो कोरीव चित्रं आहेत. आपण त्यांच्यावरून नजर फिरवून बसकडे वळतो. आपल्या गोष्टीने दुसऱ्याची गोष्ट झाकली जाऊ नये, एवढं पथ्य यात्रेकरूनेही पाळायला हवं.

आता ज्याकडे नंतर येतो म्हटलं होतं ते. गोष्टीवरचं प्रेम आणि गोष्टीला पुरावा म्हणून उभं करणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०२१ च्या रामनवमीला तिरुमला-तिरुपती देवस्थानाने जाहीर केलं की हनुमानाचा जन्म तिरुमलाच्या अंजनाद्रीवरच झाला. त्यासाठी समिती नेमली होती, अहवाल होता, पुराणवचनांबरोबर शिलालेखांचे दाखले होते. कर्नाटकातले किष्किंधेचे लोक संतापले, कारण त्यांच्याकडेही अंजनाद्री आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीचे लोकही मागे राहिले नाहीत. २०२२ मध्ये नाशिकला यावर सभा भरली आणि ती वादावादीत संपली.

मला या प्रकाराचं मनापासून दुःख झालं. आजवर या तिन्ही डोंगरांवर मारुती सुखाने जन्म घेत होता. अंजनेरीच्या म्हातारीला तिरुमलाच्या अंजनाद्रीचा राग येण्याचं कारण नव्हतं. लोककथेचा मोठेपणाच हा की ती एकाच देवाला दहा गावांत जन्म देते आणि कुणाचं काही बिघडत नाही. तिला 'हेच खरं' असा शिक्का मारला की उरलेले नऊ आपोआप खोटे पडतात, आणि भांडण सुरू होतं. इतिहासकार लोककथेला खोटी म्हणतो तेव्हा ती टिकून राहते. तिच्यावर सरकारी किंवा देवस्थानी प्रमाणपत्र चिकटवलं की तिची बाकीची रूपं मरतात. हा दुसरा धोका मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो, कारण तो भक्तीच्या वेषात येतो आणि त्याला विरोध करणाऱ्याला धर्मविरोधी ठरवणं सोपं असतं.

श्रद्धावान वाचक विचारतील की आमच्या क्षेत्रमाहात्म्याला तुम्ही 'गोष्ट' का म्हणता. मी स्वतः देवळात हात जोडणारा माणूस आहे. माझ्या भाषेत 'गोष्ट' हा कमीपणाचा शब्द नाही. आजीने सांगितलेली ती गोष्ट आणि कीर्तनकार सांगतो तीही गोष्टच. इतिहासाचे अभ्यासक विचारतील की अशा कथांना राजमान्यता दिली तर उद्या त्याच पाठ्यपुस्तकात येतील. ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच नोंद करताना रेघ स्पष्ट हवी: इथपर्यंत लेख सांगतो, इथून पुढे लोक सांगतात. लोक म्हणजे कोण, कुठल्या गावचे, कुठल्या समाजाचे, तेही.

हे नवीन नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कॉलिन मॅकेन्झी या सर्वेक्षण अधिकाऱ्याने कावली बंधूंसारख्या तेलुगू सहायकांना गावोगाव धाडून कैफियती गोळा करवल्या. गावाचा करणम, म्हणजे आपला कुलकर्णी, त्याच्याकडच्या कविलांमधून, म्हणजे गावच्या जुन्या नोंदवह्यांमधून, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून गावाची, देवळाची, तळ्याची हकीकत लिहून घेतली. कैफियत हा शब्द आपल्या पेशवाई दप्तरांतही त्याच अर्थाने नांदतो. त्या लिखाणात राज्यकर्त्यांचा स्वार्थ होता, जमिनीच्या हक्कांचे दावे होते, ब्राह्मण लेखकांचे कल होते, हे सगळं मान्य. तरीही आज आंध्र-तेलंगणातल्या एखाद्या गावाचा दोनशे वर्षांपूर्वीचा स्वतःबद्दलचा आवाज ऐकायचा तर त्या कैफियतींकडेच जावं लागतं. दळणवळण नव्हतं, ध्वनिमुद्रण नव्हतं, तेव्हा हे झालं. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे.

भारताने अमूर्त वारशाच्या आंतरराष्ट्रीय कराराला २००५ मध्ये मान्यता दिली. त्या कराराचा गाभाच असा आहे की परंपरा ज्यांची, त्यांच्या सहभागानेच ती जपायची. आपल्याकडे मात्र संरक्षित स्मारकाच्या दारातला फलक बांधणारा राजा, शतक आणि शैली सांगून थांबतो. आणि देवस्थानच्या माहितीपुस्तिकेत एकच गुळगुळीत केलेली कथा असते, जिच्यात चेंचू असलाच तर सजावटीला असतो. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जुन्या क्षेत्राची नवी कैफियत लिहावी. आंध्र आणि तेलंगणाच्या धर्मादाय खात्यांनी, पुरातत्त्व खात्याने आणि तिथल्या विद्यापीठांच्या तेलुगू व इतिहास विभागांनी मिळून हे करावं. पुजाऱ्याची कथा, ओग्गू कथाकाराची कथा, चेंचू पेंटांवरची, म्हणजे त्यांच्या जंगलातल्या वस्त्यांवरची कथा, देवळात पाऊल टाकायला एकेकाळी बंदी असलेल्या वस्तीतली कथा, सगळ्या शेजारी शेजारी. परस्परविरोधी असल्या तरी. विरोध असेल तिथे तर जास्त काळजीने. आणि ज्या कथेवर कुणाचा मान, कुणाचा बाण, कुणाचा नैवेद्य अवलंबून आहे, तो हक्क तिच्याबरोबर नोंदवला जावा, म्हणजे नव्या व्यवस्थापनाला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

सुरुवात कुठून करायची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९८१ मध्ये ज्यांची गावं पाण्यात गेली आणि जी माणसं तेव्हा विशीत होती, ती आज पासष्टीच्या पुढे आहेत. आपल्या गावच्या देवाची पालखी कुठल्या बांधावरून जायची हे सांगणारी ती शेवटची पिढी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरून संगमेश्वरमचं शिखर वर आलं की आजूबाजूची माणसं तिथे दर्शनाला येतातच. त्या दिवसांत देवळाच्या ओट्यावर कुणीतरी वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन बसावं, आणि येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला, म्हातारीला विचारावं: आजी, तुमचं गाव कुठलं? देव कुठला? त्याची गोष्ट काय? पाणी पुन्हा चढायच्या आत.